कागद कापलेली कात्री

कात्रीचा आवाज बदलला, तिथंच मास्तरांच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

चांगली कात्री कापडातून सरसर जाते. त्या सकाळी ती कचकचत गेली आणि पँटच्या काठाशी येऊन तिनं कापड चक्क चावलं. मास्तरांनी कात्री उजेडात धरली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कापडाच्या कात्रीनं कुणीतरी कागद कापला होता. ही धार जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. मास्तरांना ते त्या दिवशी कळलं, कारण त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती आणि दुकानात बऱ्याच दिवसांनी शांतता होती.

कागदानं धार मरते, म्हणून शिंप्याच्या मोठ्या कात्रीला दुसरं कुणी शिवत नाही. मास्तरांच्या घरात हा नियम फार कडक. नवी नवरी घरात आली तेव्हा मास्तरांनी तिला स्वयंपाकघर दाखवलं, पाण्याचा नळ दाखवला आणि मग कात्री दाखवून सांगितलं, "हिला हात लावायचा नाही." प्रेमाचं बोलणं त्यानंतर सुरू झालं.

"कात्री कुणी घेतली होती?" मास्तरांनी विचारलं.

दुकानात माणसं तीनच. मास्तर, त्यांची बायको आणि कोपऱ्यात बसून काज-बटणं करणाऱ्या मावशी. मावशी नात्यानं कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण गल्लीतल्या प्रत्येक घरातलं त्यांना सख्ख्या मावशीपेक्षा जास्त माहीत असे.

"मला कशाला लागते एवढी मोठी कात्री?" मावशी म्हणाल्या. "मी काही बोलत नाही, बाबा."

मावशी "मी काही बोलत नाही" म्हणाल्या की त्यांना बरंच काही बोलायचं असतं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती काहीतरी सांगू लागली, पण तेवढ्यात चार्जिंगला लावलेला फोन जिवंत झाला आणि त्यात एका मांजरानं पाय उचलून दाराची घंटी वाजवली. मग दार उघडणाऱ्या माणसाकडे ते मांजर असं काही बघायला लागलं, की मास्तरांना हसू आवरेना.

"हं," मास्तर म्हणाले आणि फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला.

एक काळ असा होता की मास्तरांकडे लोक लांबून यायचे. कुणाचं पोट पुढं, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड. मास्तर माप घेताना बोलत नसत, नुसते बघत. मग खाकी कागद पसरून त्या माणसासाठी नवा बेत आखत, खोडत, पुन्हा आखत. शिवून झालं की माणूस आरशात बघून ताठ व्हायचा. बायको लग्न होऊन आली ती याच नावलौकिकावर. पुढं कधीतरी तयार कागदांचे संच आले. लहान, मध्यम, मोठा, त्याहून मोठा. खिळ्याला अडकवून ठेवा आणि लागेल तो काढा. काम झटपट होऊ लागलं. डोकं रिकामं राहू लागलं, आणि रिकाम्या डोक्यात फोन अलगद येऊन बसला.

आता कामाची वाटणी ठरून गेली होती. बायको टेबलावर कापड अंथरायची आणि मापाचा कागद त्यावर टाचून ठेवायची. मास्तर यायचे, कागदाच्या कडेनं खडू फिरवायचे, कापायचे आणि मशीनवर बसायचे. डोळे फोनवर. त्यांचा हात इतका तयार होता की त्याला डोळ्यांची गरजच उरली नव्हती, आणि याचा मास्तरांना केवढा अभिमान! "झोपेत कापलं तरी सूतभर इकडंतिकडं होणार नाही," ते सांगत. दुर्दैवानं ते खरं होतं.

पण कात्रीचं काही मनातून जाईना. कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या अंबाड्यात कागदाचा बारीक कपटा दिसला. खडूची वडी एका बाजूनं झिजलेली दिसली. मास्तर खडू सपाट धरत, ही तिरकी झिजली होती. आणि दुपारी, मास्तर जेवून फोन छातीवर घेऊन आडवे झाले असताना, घर आणि दुकान यांच्यामधल्या पडद्याच्या फटीतून त्यांना बायको बाहेर पडताना दिसली. काखेत कागदाची गुंडाळी होती.

"कुठं जाते गं ही दुपारची?" मास्तरांनी मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी काही बोलत नाही," मावशी म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला. "पण काल कोपऱ्यावर उभी होती. समोरच्याशी बोलत होती. चांगलं बराच वेळ."

समोरचा म्हणजे समोरच्या बाजूला नवीन दुकान टाकलेला पोरगेला शिंपी. काचेचं दार, पांढरे दिवे. मास्तर त्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की माणूस मोठा होतो, असं त्यांना वाटे. तो येता-जाता मास्तरांना नमस्कार करायचा, तेही मास्तरांना खुपायचं. विनाकारण कोण कशाला नमस्कार करेल?

झालं. मास्तरांच्या डोक्यात टाक्याला टाका लागत गेला. बायको रोज दुपारी त्यांच्या कागदांच्या नकला कापते, त्यांच्याच कात्रीनं, आणि त्या समोरच्याला नेऊन देते. घरभेदी! आता मास्तरांचे सगळे कागद बाजारात कुणालाही मिळणारे, समोरच्याच्या भिंतीवरही तोच संच लटकत होता. तेव्हा चोरून नेण्यासारखं या दुकानात उरलं होतं तरी काय, हा प्रश्न खरं तर पडायला हवा होता. मास्तरांना तो पडला नाही. संशय एकदा घरात शिरला की तो अशा अडचणीच्या प्रश्नांना दारातूनच परत पाठवतो.

त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. कात्रीच्या दोन मुठींना एक केसासारखा बारीक पांढरा दोरा गुंडाळला आणि ती जागेवर ठेवली. त्या दुपारी ते झोपायला आत गेलेच नाहीत. "आज इथंच बसतो," म्हणाले, आणि डोळ्यांत तेल घालून पहारा करायला कात्रीच्या शेजारीच बसले. सोबतीला फोन होता. कुणीतरी साबणाच्या वड्यांचे पातळ काप करत होतं. एकामागून एक, गुलाबी, हिरवे, निळे. बघता बघता संध्याकाळ झाली.

कात्रीवरचा दोरा तुटून खाली पडला होता.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. ते हातभर अंतरावर बसले होते. त्यांच्या नाकाखालून कुणीतरी कात्री नेली होती, वापरली होती आणि परत आणून ठेवली होती. केवढं धाडस! त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी डोळे बारीक करून सुईत दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला सुनावलं. ती कापड अंथरत होती.

"आजपासून तू दुकानात यायचं नाहीस."

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या गादीला टोचल्या. "का?"

"कारण तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला आहे का?"

"माझ्या नाकाखाली काय चाललंय ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हसावं की रडावं हे ठरवता येत नसल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मग ती पडदा सारून आत गेली. मास्तरांना वाटलं होतं ती भांडेल, शपथा घेईल, रडेल. तिनं आत जाऊन नुसता दिवा लावला आणि कागद पसरल्याचा आवाज आला. त्या आवाजानं मास्तर आणखीच पेटले, पण आत जायचं काही त्यांना धाडस झालं नाही. खरंच ती सोडून गेली तर, हा विचार त्यांना पहिल्यांदा आला. तिच्यावाचून या घरात आपण काय करणार आहोत? फोनसुद्धा आपल्याशी बोलत नाही, तो कुणाशीही तेच बोलतो.

आता कापड त्यांनाच अंथरावं लागलं. टाचण्या बोटांत घुसल्या. कुठला कागद कुठं ठेवायचा हे आठवेना, आणि आठवायचं म्हणून फोन बंद करावा लागला. तेवढ्यात रस्त्यावरून वाचनालयातल्या बाई गेल्या.

या बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. कुठलाही कोट घातला की तो त्यांच्या अंगावर घसरायला आल्यासारखा दिसायचा. थंडीच्या आधी त्या मास्तरांकडे आल्या होत्या. "मास्तर, या वेळी जरा सरळ बसेल का?" त्यांनी विचारलं होतं. "कोट सरळच असतो बाई, खांदा तुमचा वाकडा आहे," मास्तर फोनवरची नजर न काढता म्हणाले होते, आणि बाई मान खाली घालून माप देऊन गेल्या होत्या. तेव्हा बायको तिथंच उभी होती. ती त्या दिवशी कुणाशीच बोलली नव्हती. मास्तरांच्या ते लक्षात आलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

आज बाईंच्या अंगावर गडद निळा कोट होता. मास्तर दारात आले. कोट सरळ होता. डावी बाजू उजवीला शोभत होती, गळा मधोमध बसला होता आणि बाई दोन्ही हात खिशात घालून झपाझप चालत होत्या. असा कोट मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आधी त्यांना नुसता आनंद झाला, कारागिराला होतो तसा. पण तो फार टिकला नाही, कारण बाई सरळ समोरच्याच्या काचेच्या दारातून आत शिरल्या.

मास्तर गळ्यात टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेले.

"हा कोट तू शिवलास?" त्यांनी आत शिरताच विचारलं.

समोरचा गडबडून उभा राहिला. बाई पिशवीची तुटलेली चेन बदलायला आल्या होत्या, त्याही वळल्या.

"मी?" समोरचा म्हणाला. "मास्तर, मला असा कोट जमला असता तर मी तुमच्या समोर दुकान टाकलं असतं का? लांब कुठंतरी मोठ्या रस्त्यावर टाकलं असतं."

"मग माझ्या बायकोनं तुला काय आणून दिलं?"

"वहिनींनी? काही नाही." तो जरा थबकला. "मीच त्यांना एक विचारलं होतं. पण ते त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं बरं."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण बाई मध्येच म्हणाल्या, "मास्तर, असं काय करता? तुम्हीच तर शिवलात हा. मागच्या आठवड्यात तुमच्याच हातून घेऊन गेले मी. किती आभार मानले तुमचे. तुम्ही 'हं' म्हणालात. मला वाटलं, मोठी माणसं कमीच बोलतात." त्यांनी कोट उतरवून पुढं धरला. "हा घातला आणि खांद्याचा विसर पडला हो मला. शाळेत असल्यापासून पहिल्यांदा."

मास्तरांनी कॉलर उलटी केली. खाली, अस्तराच्या कडेला, लाल दोऱ्याची बारीक फुली होती. ही फुली मास्तर स्वतः घालत, हातानं, शेवटी. ती दुसऱ्या कुणाला घालता येत नसे, कारण ते डावखुरे होते आणि फुलीचा वरचा टाका उलटा पडे. हा टाका उलटा पडला होता.

त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि बघायला लागले. डावा भाग आणि उजवा भाग वेगळे कापलेले होते. कोटाचं कापड नेहमी दुहेरी घडी करून कापतात, म्हणजे दोन्ही बाजू एकदम निघतात. हे कापड एकेरी अंथरलं होतं. दोन वेगळे कागद, बाही जोडायचे मुंढे दोन्हीकडे वेगळे, बाहीची गोलाई प्रत्येक बाजूला निराळी. म्हणजे डावीकडे एकदा खडू फिरवला असणार आणि उजवीकडे पुन्हा. एवढं सगळं या दोन हातांनी केलं होतं.

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. निळं कापड. तो दिवस. त्या दिवसातलं काहीही. त्यांना फक्त मांजर आठवलं. मांजर घंटी वाजवतं आणि माणूस दार उघडतो. आपल्या हातून कित्येक वर्षांत झालेलं सर्वांत चांगलं काम, आणि आपण तिथं नव्हतो. मास्तरांना तिथल्या तिथं रडू येईल असं वाटलं. ते कोट परत देऊन बाहेर पडले.

दुकानात मावशी काज करत होत्या. मास्तरांचा चेहरा बघून त्या खरोखरच काही बोलल्या नाहीत.

पडद्याच्या आत बायको जमिनीवर बसली होती. भोवती खाकी कागद. हातात स्वयंपाकघरातली छोटी कात्री, जिनं कागद नीट कापला जात नव्हता.

"तो कोट," मास्तर म्हणाले.

"भेटल्या का बाई?" तिनं वर न बघता विचारलं.

"तू आखलास?"

"मी आखला. बाईंकडे जाऊन चार वेळा त्यांच्या अंगावर लावून बघितला. तीनदा चुकला. तुम्हाला सांगितलं होतं. कात्री मी घेते, कागदाला लागते, हेही सांगितलं. तुम्ही विचारलंत, कापड एकेरी का? मी सगळं समजावलं. तुम्ही 'हं' म्हणालात आणि कापलंत." तिनं छोटी कात्री खाली ठेवली. "मला वाटलं, अर्ध्यात तरी कळेल. डावी बाजू कापून उजवीकडे आलात की हात थांबेल. मी श्वास रोखून उभी होते इथं पडद्याला धरून. तुम्ही थांबला नाहीत. सुरेख कापलंत हो. सूतभरसुद्धा चूक नाही."

मास्तर स्टुलावर बसले.

"काल दुपारी कात्री..."

"तुमच्यासमोरून उचलली. तुम्हाला म्हटलंसुद्धा, जरा घेते. तो दोरा कशाला बांधला होतात?"

मास्तरांना दुसरी पाल आठवली. "आणि समोरचा? त्यानं काय विचारलं तुला?"

"विचारलं ना. माझ्याकडे कटिंगला या म्हणाला. बाईंचा कोट बघून."

"मग तू काय सांगितलंस?"

"विचार करते म्हणाले."

"आणि?"

"करतेय अजून," ती म्हणाली. "सवय लागलीय मला आता विचार करायची. बरी आहे. तुमच्याकडूनच शिकले होते कधीकाळी."

ती पुन्हा कागदावर वाकली. मास्तरांनी वाकून बघितलं. कोटाचाच बेत होता, एक बाजू खोडून खोडून काळी झालेली.

"कुणाचा?"

"गल्लीतल्या घड्याळजींचा. काठीवर रेलून चालतात ना, उजवीकडे कोट वर चढतो त्यांचा. दुपारी जाऊन बघत बसते, कसे चालतात ते. पण जमत नाहीये."

मास्तर बघत राहिले. कागदावरच्या रेषा त्यांना ओळखीच्या वाटत होत्या आणि वाचता मात्र येत नव्हत्या. थोड्याच वेळात डोकं जड झालं आणि आत काहीतरी चुळबुळायला लागलं. पुन्हा पाल चुकचुकली म्हणून त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा हात खिशात गेला होता. त्यांना न विचारता, अगदी सफाईनं, पाकीटमाराचा जातो तसा. बोटं फोनवर पोचलीसुद्धा होती. इतके दिवस ते घरभर चोर शोधत होते.

बायकोनंही तो हात पाहिला होता.

मास्तरांनी हात रिकामा बाहेर काढला. मग उठून दुकानात गेले आणि मोठी कात्री घेऊन आले. ती कागदांवर, तिच्या हाताशी ठेवली.

"धार गेलीच आहे," ते म्हणाले. "ही आता कागदाला घे. कापडाला दुसरी आणू."

तिनं कात्री हातात घेतली, तिचं वजन बघितलं आणि बाजूला ठेवली. समोरच्याचं काय, हे तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क नाही हे मास्तरांना कळत होतं. ते जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी उजव्या बाजूच्या रेषेवरून बोट फिरवत नेलं, काखेपाशी आणून थांबवलं आणि कपाळाला आठी घातली. हीच आठी त्यांनी कात्रीवर घातली होती, बायकोवर घातली होती, समोरच्याच्या नमस्कारावर घातली होती.

"मुंढ्यात आवळेल," ते म्हणाले.

ती झटकन वळली. "कुठं?"

"इथं. काठी टेकवली की हात वर जाणार. मग कोट जास्तीचं कापड कुठून आणेल?"

"तेच," ती म्हणाली. "तेच कळत होतं आणि सापडत नव्हतं. मग काय करायचं?" तिनं पेन्सिल त्यांच्यापुढं धरली.

मास्तरांनी पेन्सिल घेतली. टोक कागदावर टेकवलं. त्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं. पूर्वीही पहिल्यांदा कधी माहीत नसायचं, हे त्यांना आठवलं. फोन खिशातच होता, मशीन बंद होतं, मावशींची सुई थांबली होती.

"सांगा ना," ती म्हणाली.

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "विचार करतोय."